दोघांनीच इंग्लंडच्या खेड्यांत आणि कालव्यावर फिरायचं असेल तर: कॉट्सवोल्ड्स ते बाथ, सगळं सविस्तर

लंडन झालं, स्कॉटलंड झालं, आता इंग्लंडच्या खेडेगावांत आणि कालव्यांवर निवांत फिरायचंय असं म्हणणारी बरीच जोडपी हल्ली भेटतात. प्रश्न पण साधारण तेच असतात. बोट आपल्याला चालवता येईल का, लायसन्स लागतं का, दोघांत निभावेल का, आणि शाकाहारी माणसाने खायचं काय. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: दोघंच असाल तर लॉक कमी असलेला कालवा घ्या आणि जेवढं अंतर मनात असेल त्याच्या निम्मंच करा. लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. बाकी सगळं शिकता येतं.

आधी बोट म्हणजे काय ते समजून घ्या

इथल्या कालव्यांवर चालते ती नॅरोबोट. रुंदी ६ फूट १० इंच, म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही अरुंद, आणि लांबी ३० ते ७० फूट. रुंदी अशी का, तर अठराव्या शतकात इंग्लंडच्या मधल्या भागात जे कालवे खणले त्यांचे लॉक जेमतेम सात फूट रुंद बांधले, कोळसा आणि माल नेणाऱ्या बोटी त्या मापाच्या झाल्या, आणि तेच माप आजपर्यंत चालत आलंय. आत झोपायला, स्वयंपाकाला, अंघोळीला सगळी सोय असते. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, प्रत्यक्षात आपण तीननेच जातो, टोपाथवरून, म्हणजे काठच्या पायवाटेवरून, चालणारा माणूस सहज पुढे निघून जातो. भाड्याची बोट चालवायला कुठलंही लायसन्स लागत नाही, बोट ताब्यात देताना तिथला माणूस सोबत येऊन शिकवतो. इंग्लंड आणि वेल्समधले साधारण २,००० मैलांचे कालवे आणि नद्या २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट नावाची धर्मादाय संस्था सांभाळते. लॉक दुरुस्तीसाठी बंद आहे का वगैरे सूचना त्यांच्या वेबसाइटवर येतात, निघायच्या आदल्या आठवड्यात त्या बघाच.

दोघांसाठी ४५ ते ५० फुटी बोट पुरते. बुक करताना दोन गोष्टी विचारा. एक म्हणजे फिक्स्ड डबल बेड आहे का, नाहीतर रोज रात्री जेवणाचं टेबल मोडून पलंग करायचा आणि सकाळी परत टेबल, याचा दुसऱ्या दिवशीच कंटाळा येतो. दुसरं म्हणजे मागचा भाग क्रूझर स्टर्न आहे का. क्रूझर स्टर्नला मागे मोकळा डेक असतो, दोघं शेजारी उभे राहून गप्पा मारत जाऊ शकता. ट्रॅडिशनल प्रकारात एकजण टिलरवर, म्हणजे बोट वळवायच्या दांड्यावर, आणि दुसरा आत नाहीतर पुढच्या टोकाला, मग जोडीने ट्रिपला येण्यात मजा काय राहिली.

कुठला कालवा

लोक यूट्यूबवर बघून फोर काउंटीज रिंग, म्हणजे अनेक कालव्यांची मिळून होणारी गोल फेरी, एका आठवड्यात करायचं ठरवतात. ती ११० मैल आणि ९४ लॉक्सची आहे, चार-सहा जणांच्या ग्रुपला ठीक, दोघांचे मात्र हात आणि कंबर दोन्ही जातात. अंदाज काढायची सोपी रीत आहे: मैल अधिक लॉक, भागिले तीन, म्हणजे किती तास लागतील ते कळतं. दिवसाला चार ते पाच तासांच्या वर जाऊ नका.

लॉकची अजिबातच भीती वाटत असेल तर लेस्टरशायरचा ॲशबी कालवा आहे, २२ मैलांत एकही लॉक नाही, आणि १४८५ साली जिथे तिसरा रिचर्ड मारला गेला ते बॉसवर्थचं रणांगणही वाटेतच लागतं. उत्तरेचा लँकेस्टर कालवा तर सलग ४१ मैल बिनलॉकचा आहे. ऑक्सफर्ड कालव्याचा दक्षिणेकडचा भाग जुना, वळणावळणाचा आणि सुंदर, पण त्याला लॉक बऱ्यापैकी आहेत.

पहिल्यांदाच जाणाऱ्या जोडप्याला मी मात्र केनेट अँड एव्हन कालव्याचा ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते बाथ हाच भाग सांगते. ब्रॅडफर्डच्या लॉकपासून बाथच्या सगळ्यात वरच्या लॉकपर्यंत नऊ-दहा मैल एकही लॉक नाही, दोन मोठे पाण्याचे पूल, झाडीतून जाणारी दरी, आणि शेवटी बाथसारखं शहर. शिवाय दगडी खेड्यांसाठी प्रसिद्ध असलेला कॉट्सवोल्ड्सचा डोंगराळ भाग शेजारीच, त्यामुळे आधी गाडी आणि मग बोट असं छान जमतं. हा कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला, १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने विकत घेतला, आणि पुढे विसाव्या शतकात पार मोडकळीला आला. हौशी स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून तो दुरुस्त केला आणि १९९० मध्ये राणीच्या हस्ते परत सुरू झाला. आज आपण आरामात बोट नेतो ती त्या लोकांच्या मेहनतीवर, हे डोक्यात असलं की प्रत्येक गेट बघताना वेगळं वाटतं.

कधी आणि बुकिंग

सीझन मार्च ते ऑक्टोबर. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी बरेच लॉक बंद असतात. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा ते जूनचा शेवट हा सगळ्यात चांगला काळ, अंधार रात्री साडेनऊ-दहापर्यंत होत नाही, हंसांची पिल्लं आईमागे पोहत असतात. जुलैच्या शेवटी तिकडच्या शाळांना सुट्टी लागते, भाडं वाढतं आणि गर्दीही. सप्टेंबरही छान.

बोट सहसा सोमवार ते शुक्रवार चार रात्री, किंवा शुक्रवार ते सोमवार तीन रात्री, किंवा पूर्ण आठवडा अशी मिळते. दोघांना पहिल्यांदा सोमवार ते शुक्रवार घ्या, वीकेंडला कालव्यावर वर्दळ जास्त. बुकिंग करताना डिझेल भाड्यात धरलंय की वेगळं, नुकसानीचं डिपॉझिट किती, बेडिंग आणि टॉवेल आहेत का, हे तीन प्रश्न ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. भारतातून येणाऱ्यांना स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो, तो प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी भरता येतो, उन्हाळ्यात उशीर होऊ शकतो म्हणून शेवटपर्यंत थांबू नका.

इंग्लंडमध्येच राहत असाल आणि मनात धाकधूक असेल तर आधी एका दिवसाची डे-बोट घ्या, डंडस आणि ब्रॅडफर्डला मिळतात. दुपारपर्यंत कळतं की हे आपल्याला आवडतंय की नाही.

गाडीचे तीन दिवस

भारतीय लायसन्सवर १२ महिने छोटी गाडी चालवता येते. डावीकडूनच चालवायचं असतं त्यामुळे आपल्याला सोपं. ऑटोमॅटिक मागा, आणि शक्य तितकी लहान गाडी घ्या, कारण कॉट्सवोल्ड्सचे आतले रस्ते दोन्हीकडून झुडपांच्या भिंती असलेले आणि एकावेळी एकच गाडी जाईल एवढेच असतात. समोरून कोणी आलं तर ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे घ्यायची आणि जाताना हात करायचा, एवढी पद्धत पाळली की झालं. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी म्हणजे साध्या दुपदरी रस्त्यावर कमाल ६० मैल, पण त्या बोळांत तीसच्या वर जाऊ नका. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, इथे दामटून घुसणं चालत नाही.

मुक्काम सायरेनसेस्टरला ठेवा. बिबरी, बोर्टन-ऑन-द-वॉटर ही नावाजलेली गावं सकाळी नऊच्या आत बघून घ्या, त्यानंतर बसेस येतात आणि त्या मधाच्या रंगाच्या दगडी घरांसमोर फोटोसाठी रांग लागते. कासल कूम संध्याकाळी. मला स्वतःला जास्त आवडतं ते लॅकॉक. गाव जवळजवळ सगळंच नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं आहे, आणि तिथल्या ॲबीमध्ये, म्हणजे जुन्या मठात, फॉक्स टॅलबटने १८३५ साली खिडकीचं निगेटिव्ह काढलं, फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीचं. ती खिडकी अजून तिथेच आहे, समोर उभं राहून बघता येते.

लॅकॉकहून डिव्हायझेसला जा आणि केन हिल चालत बघा. ओळीने २९ लॉक, दोन मैलांत २३७ फुटांची चढण, त्यातले मधले १६ तर टेकडीवर सरळ एका रेषेत. सगळे पार करायला बोटीला पाच-सहा तास लागतात, दोघांनी पहिल्याच ट्रिपला हे अजिबात करू नये, पण तासभर काठावर उभं राहून दुसऱ्यांना लॉक चालवताना बघितलंत तर अर्धं शिक्षण तिथेच होतं. कोणाला गेट ढकलायला हात लावू का विचारा, लोक खुशीने हो म्हणतात.

गाडी बाथमध्ये परत करा आणि ट्रेनने ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला या, पंधरा मिनिटांचा प्रवास आहे. बोटीवर असताना गाडी उभी करून तिचं भाडं भरत राहण्यात काही अर्थ नाही.

सामान आणि खाणं

मोठी कडक सूटकेस बोटीत ठेवायला जागाच नसते, मऊ बॅगा आणा. रबरी तळाचे बूट, दोघांना पूर्ण वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, पातळ ग्लोव्ह्ज, चष्म्याला दोरी. जून असला तरी एक स्वेटर.

बोटीत गॅसची शेगडी, ओव्हन, फ्रिज असतो, त्यामुळे आपलं काही अडत नाही. भारतातून दूध-तुपाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, जाडे पोहे, चहाचा मसाला एवढं पुरे, तूरडाळ, आटा, पनीर इथल्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये सहज मिळतं. पहिल्या रात्रीचं जेवण बोट घ्यायच्या आधीच खरेदी करून ठेवा, कारण शिकवणी संपून निघेपर्यंत पाच वाजतात. काठावरच्या पबमध्ये एक-दोन व्हेज पदार्थ असतातच, पण खेड्यातलं किचन दुपारी अडीचला बंद होतं आणि रात्री साडेआठ-नऊला शेवटची ऑर्डर, आपल्या वेळेला गेलात तर फक्त चिप्सची पाकिटं मिळतील.

ताबा घेताना

दुपारी तीनच्या सुमाराला ताबा मिळतो. शिकवणीचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या, दोघांनी ऐका, आणि ही कामं स्वतःच्या हाताने करून दाखवायला सांगा: इंजिन सुरू-बंद, सकाळी तेल बघणं, संध्याकाळी मागच्या शाफ्टच्या ग्रीसची चावी फिरवणं, पाणी भरायचं तोंड कुठे, गॅसचा मेन कॉक कुठे, टॉयलेट टाकीचं आहे की कॅसेटचं, म्हणजे काढून रिकाम्या करायच्या डब्याचं. वीड हॅच, म्हणजे पंख्यापर्यंत हात पोचवायचं झाकण, पण बघून ठेवा. पंख्यात प्लास्टिक किंवा दोरी अडकली की बोट थरथरते आणि जोर लागत नाही, अशावेळी इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकायची आणि मगच त्या झाकणातून हात घालायचा. किल्ली खिशात, हे पुन्हा सांगते. लाइफ जॅकेट मागितली की देतात, पोहता येत नसेल तर डेकवर असताना अंगात ठेवाच.

बोट चालवायची कशी

टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. सुरुवातीची वीस मिनिटं डोकं उलटं चालवायला लागतं, नंतर हात आपोआप शिकतो. बोट मधोमध फिरते, म्हणजे पुढचं टोक उजवीकडे गेलं की मागचं डावीकडे बाहेर येतं, वळणावर आणि पुलाखाली हे लक्षात ठेवा. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग जवळजवळ नसतंच, रिव्हर्स हा ब्रेक समजा. सगळं उशिरा होतं, म्हणून सगळं आधी करायचं. समोरून बोट आली तर उजव्या बाजूला व्हा, म्हणजे रस्त्याच्या बरोब्बर उलटं. बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद, कारण तुमच्या लाटेने त्यांचे खुंटे उपटले जातात आणि आतल्या माणसाचा चहा सांडतो. ब्रॅडफर्ड ते बाथ भागात बोटींवर कायम राहणारे लोक खूप आहेत, त्यामुळे जवळपास निम्मा वेळ मंदच जाल, वेळेचं गणित तसंच धरा. अंधारात भाड्याची बोट चालवायची नाही.

लॉक: दोघांनी कसं करायचं

बाथच्या भागात लॉक लागत नाही, पण शिकायचं असेल तर ब्रॅडफर्डच्या वर सेमिंग्टनला दोन आणि पुढे सीएंडला पाच आहेत. इथले लॉक १४ फूट रुंद, म्हणजे दोन बोटी शेजारी मावतात, मागून दुसरी बोट येत असेल तर थांबा आणि जोडीने करा, काम निम्मं होतं.

वर चढताना असं: बोट खालच्या धक्क्याला लावायची. एकजण विंडलास, म्हणजे एल आकाराचं लोखंडी हँडल, घेऊन उतरतो. वरची गेट्स आणि वरची पॅडल्स, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, बंद आहेत ना बघायचं, लॉक भरलेलं असेल आणि वरून कोणी येत नसेल तर खालची पॅडल्स उघडून रिकामं करायचं. पाणी समान झाल्याशिवाय गेट हलत नाही, ताकद लावून उपयोग नाही, समान झालं की तुळईला पाठ टेकून पायाने रेटायचं. बोट आत, खालची गेट्स आणि पॅडल्स बंद. आता वरची जमिनीतली पॅडल्स आधी, आणि तीही अर्धीच. दात्यांचा टकटक आवाज येतो आणि क्षणभराने बोटीपुढे पाणी खालून उकळल्यासारखं वर येतं, बोट पुढे ओढली जाते, टिलरवरच्याने ती स्थिर धरायची. बोट बरीच वर आली की मग गेटमधली पॅडल्स. समान झालं की वरचं गेट उघडा, बोट बाहेर, मागे सगळं बंद. हँडल दांड्यावर अडकवून कधीच सोडू नका, अडकण सुटली तर ते गरगर फिरून हात मोडेल.

उतरताना एकच खरा धोका, सिल. वरच्या गेटखाली दगडी कठडा असतो, पाणी उतरलं की तो उघडा पडतो, आणि बोटीचं मागचं टोक त्यावर राहिलं तर बोट पुढे झुकून बुडू शकते. भिंतीवर पांढरी खूण असते, बोटीचं मागचं टोक सतत तिच्या पुढे ठेवा. जरा शंका आली की पॅडल्स सगळी बंद, मग विचार.

आता दोघांचं. इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं काही ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला वाटतं की रागावलाय. म्हणून घरीच खुणा ठरवा: हात वर म्हणजे थांब, मनगट फिरवलं म्हणजे पॅडल उघड, दोन्ही हात फुली म्हणजे सगळं बंद कर. आमच्यात मी टिलरवर आणि नवरा लॉकवर असं सुरू झालं, पण दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली, आणि समोरच्याचं काम काय असतं ते कळल्यावर दोघांचा आवाज आपोआप खाली आला. बहुतेक बोटींवर पुरुष टिलरवर आणि बाई गेट ढकलताना दिसते. माझ्या मते उलटंच करावं, ताकद गेटला लागते, टिलरला लक्ष लागतं. काठावरून बोटीवर उडी मारू नका. कोणी पाण्यात पडलंच तर सगळ्यात आधी इंजिन न्यूट्रलला. आणि कालव्याचं पाणी हाताला लागलं की साबणाने धुवून मगच खायला बसा, उंदरांमुळे लेप्टोचा धोका तिथेही आहे.

चार रात्रींचा बेत

सोमवारी ब्रॅडफर्डहून निघून फक्त एव्हनक्लिफपर्यंत, दीड-दोन मैल. कालव्याचा इंजिनिअर जॉन रेनी याने बांधलेला पाण्याचा पूल इथेच, खाली एव्हन नदी आणि रेल्वेलाइन, वर आपली बोट. पुलाच्या दोन्ही टोकांना काटकोनात वळण आहे, एकाने पुढच्या टोकाला उभं राहून समोरून कोणी येत नाही ना ते बघावं.

मंगळवारी डंडस. हा पूल १९५१ मध्ये संरक्षित स्मारक झाला, आणि कालव्यावरच्या बांधकामांत हा मान सगळ्यात आधी यालाच मिळाला. बोट बांधून खाली नदीकाठी उतरा, वरून त्याचा डौल कळत नाही. दगड तोच कॉट्सवोल्ड्सच्या घरांसारखा पिवळसर, मधूनमधून दुरुस्तीच्या विटा. पुढे क्लॅव्हर्टनचं पंपिंग स्टेशन, १८१३ चं, नदीच्याच पाण्यावर चाक फिरवून तेच पाणी वर कालव्यात चढवायचं. ठरावीक दिवशीच उघडं असतं, आधी बघून ठेवा. मुक्काम बाथॅम्प्टनला.

बुधवार पूर्ण बाथला. बोट बाथॅम्प्टनलाच ठेवा आणि टोपाथने दोन मैल चालत जा, शहराजवळ जागा मिळायची खात्री नसते आणि खालचे सहा लॉक उतरून नदीत जाण्यात दोघांचा अख्खा दिवस जातो. त्यातलं एक डीप लॉक १९ फुटांहून खोल आहे, ते बघायला मात्र जा. चालताना सिडनी गार्डन्समधले १८०० सालचे ओतीव लोखंडी पूल लागतात. रोमन बाथ्सचं तिकीट आधी ऑनलाइन.

गुरुवारी परत. बोट वळवायला वाइंडिंग होल नावाची रुंद केलेली जागा लागते, तुमच्या लांबीची बोट कुठे वळेल हे ताबा घेतानाच नकाशावर खूण करून घ्या. शेवटचा मुक्काम बोट परत द्यायच्या जागेपासून तासाभराच्या आत.

रात्री बांधायचं ते टोपाथच्या बाजूला, समोरचा काठ सहसा खाजगी असतो. पुलाखाली, वळणावर, लॉकच्या धक्क्यावर, वाइंडिंग होलमध्ये नाही. इथे काठाला पाणी उथळ आहे, बोट फूटभर लांब राहते, मग फळी टाकून उतरायचं. खुंटे तिरके ठोका, वर प्लास्टिकची पिशवी बांधा म्हणजे सायकलवाल्यांना दिसतात. पाण्याची टाकी एक दिवसाआड भरा, तासभर लागू शकतो, तेवढ्यात पोहे होतात. रात्री आठ ते सकाळी आठ उभ्या बोटीचं इंजिन चालवायचं नाही, म्हणून अंघोळ बोट थांबल्या थांबल्या, पाणी इंजिनावरच तापलेलं असतं. हेअर ड्रायर लावू नका, बॅटरी बसते.

शुक्रवारी नऊला बोट परत द्यायची असते आणि यात सूट नसते, दुसरं कुटुंब दुपारी येणार असतं. रात्रीच भांडी, बॅगा आवरा, फ्रिज रिकामा करा, विंडलास दोन्ही आहेत ना मोजा, ओरखडे आधीच्या फोटोंशी ताडून दाखवा, म्हणजे डिपॉझिटचा वाद होत नाही. स्टेशन चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. बाथला गाडी बदलली की तिथून लंडन पॅडिंग्टनला साधारण दीड तासात पोचता, तिकीट आधी काढलंत तर बरंच स्वस्त पडतं, पण अकराच्या आधीची गाडी धरू नका. चौदाव्या शतकातलं टाइद बार्न, म्हणजे धान्याचं अवाढव्य दगडी कोठार, तिथेच कालव्याच्या खालच्या उतारावर आहे आणि ते बघायला अर्धा तास हवाच.